ठाण्याहून नाशिक आणि संभाजीनगर: तीन दिवसांत दोघांनी खात-पाहत कसं फिरायचं

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. कॅलेंडरात सलग सुट्ट्या दिसल्या की आधी हे दोन वार आठवा, तिकिटं नंतर. सुट्टी शनिवार-रविवार-सोमवार अशी असेल तर शनिवारी नाशिक, रविवारी वाटेत येवला करून संभाजीनगर आणि सोमवारी दौलताबाद-वेरूळ हा क्रम नीट बसतो. सुट्टी रविवार ते मंगळवार आली तर क्रम उलटा करा. रविवारी थेट संभाजीनगर गाठा, सोमवारी वेरूळ उरका आणि मंगळवारी नाशिक करून घरी या. हे न पाहता निघालेली कितीतरी जोडपी मंगळवारी सकाळी वेरूळच्या बंद फाटकासमोर उभी राहतात.

अजिंठा या सहलीत घालू नका. संभाजीनगरपासून ते शंभरेक किलोमीटर दूर आहे, तेही वेरूळहून वेगळ्या दिशेला. जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो आणि मग दौलताबादही होत नाही, वेरूळही धड होत नाही. अजिंठ्यासाठी पुन्हा या, त्याला तेवढा मान द्यायलाच हवा.

वारानंतर सांभाळायची ती वेळ. मिसळ सकाळची, साबुदाणा वडा घाण्यातून निघतानाचा, बीबी का मकबरा उन्हं कलताना, कैलास लेणं दुपारी तीननंतर. पदार्थ किंवा जागा चुकीच्या वेळी गाठली की ‘एवढं काही खास नाही’ असं वाटतं. दोष पदार्थाचा नसतो, घड्याळाचा असतो.

खाण्याचा नियम एकच: दोघांत एक प्लेट. लागली तर दुसरी मागवता येतेच. पहिल्याच ठिकाणी दोन प्लेट मागवल्या की दुपारपर्यंत पोट टम्म होतं आणि संध्याकाळी जुन्या गावात नुसतं बघत हिंडावं लागतं.

गाडी कोणती धरायची

ठाण्याहून सोयीची गाडी म्हणजे तपोवन एक्स्प्रेस. सकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते, पावणेसातच्या सुमाराला ठाण्यात येते आणि साडेनऊच्या आसपास नाशिकरोडला पोचते. हीच गाडी पुढे दुपारी एकच्या सुमाराला संभाजीनगरला जाते, त्यामुळे उलट्या क्रमालाही तीच चालते. नवी मुंबईकरांनी वाशी, नेरूळ किंवा पनवेलहून ट्रान्स हार्बरची पहाटेची लोकल धरून ठाण्याला यावं आणि हाताशी किमान चाळीस मिनिटं ठेवावीत. ट्रान्स हार्बरचे फलाट पूर्वेच्या कडेला आहेत. तिथून पूल चढून-उतरून, इंडिकेटर वाचून, आपला डबा फलाटावर कुठे लागतो ते बघून उभं राहायला वेळ लागतो, आणि गाडी ठाण्यात दोन-तीन मिनिटंच थांबते. म्हणून एकेक पाठपिशवी बरी. चाकांची मोठी बॅग ठाण्याच्या पुलावरही छळते आणि पुढे वेरूळलाही.

आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, त्या हिशोबाने चालणारे आजही चुकतात. जोडून आलेल्या सुट्ट्यांत आधी परतीचं तिकीट काढा, जायचं नंतर. जायला एसटी, गाडी, कसारा लोकल करून पुढे जीप असे दहा मार्ग निघतात. सोमवारी रात्री संभाजीनगरहून परतायला मात्र सगळ्यांचा डोळा देवगिरी एक्स्प्रेसवर असतो. ती तिथून रात्री उशिरा निघते आणि पहाटे ठाण्यात आणून सोडते, म्हणजे मंगळवारी आंघोळ करून कामावर जाता येतं. तत्काळवर विसंबायचं असेल तर वातानुकूलित डब्यांचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि बाकीचं अकराला उघडतं. खात्याची आधार पडताळणी आधीच करून ठेवा, त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांना समृद्धी महामार्गाचा मोठा आधार आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. जाताना माजिवड्याहून भिवंडीमार्गे आमण्याला चढा, इगतपुरीला उतरा आणि तिथून जुन्या महामार्गाने नाशिक. परतताना दौलताबादजवळच्या माळीवाड्याला समृद्धी धरली की थेट आमणे, साधारण अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर. कसोटी समृद्धीवर लागत नाही, ती लागते माजिवडा ते आमणे या पट्ट्यात. शुक्रवारी संध्याकाळी खारेगाव, माणकोली, रांजणोली इथे जो खोळंबा होतो त्यात दोन तास सहज जातात. शनिवारी पहाटे पाचला निघा. टायरची हवा गाडी थंड असताना तपासा आणि झिजलेले टायर घेऊन या रस्त्यावर चढूच नका. काँक्रीटवर तासनतास एकाच वेगाने चालल्यावर टायर तापतात आणि चालवणाऱ्याचे डोळेही जड होतात. वेगमर्यादा सपाटीला १२० आणि घाटात १०० आहे. टाकी चढण्याआधीच भरा, आणि शेजारच्याने चालवणाऱ्याला दर तासाने बोलतं करावं.

शनिवार: नाशिक

कसाऱ्याला गाडी थांबते ती मागे बँकर इंजिनं जोडायला. घाट चढवायला मागून रेटा लागतो. पावसाळ्यात हा अर्धा तास खिडकी सोडू नका. इगतपुरीच्या फलाटावर वड्यांचा वास येईल, तो तेवढा टाळा. तासाभरात मिसळ आहे.

नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हे. स्टेशनपासून जुनं गाव आणि सीबीएस, म्हणजे शहरातलं मध्यवर्ती एसटी स्थानक, नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. ‘स्टेशनजवळ’ म्हणून स्वस्तात खोली घेतली की दोन दिवस रिक्षावरच पैसे जातात. खोली सीबीएस, शरणपूर रोड किंवा कॉलेज रोडच्या बाजूला घ्या. बुकिंग करताना दोघांचीही मूळ ओळखपत्रं लागतील हे गृहीत धरा, एकाचं चालत नाही. सकाळी दहाला खोली मिळत नसेल तर सामान रिसेप्शनवर ठेवू देतात का ते फोन करून आधीच विचारून घ्या.

सामान टाकून सरळ मिसळीकडे. ठाणेकरांची जीभ मामलेदारच्या मिसळीवर घडलेली असते, पातळ आणि कान गरम करणाऱ्या तर्रीवर. नाशिकच्या मिसळीचं घराणं वेगळं. इथे राज्य काळ्या मसाल्याचं असतं. सुकं खोबरं आणि कांदा पार काळपट होईपर्यंत भाजलेला, त्यात खडा मसाला. तिखट घशात चढत नाही, पोटात उतरून मग ऊब देतं. ताटलीत मटकीची किंवा मुगाची उसळ, वर शेव, कांदा-लिंबू, बाजूला पापड, दही आणि पाव. रस्सा वेगळ्या भांड्यात येतो आणि इथेच नवखे चुकतात. सगळा रस्सा एकदम ओतला की दोन मिनिटांत शेवेचा लगदा होतो. आधी पळीभर रस्सा घाला, अर्धी मिसळ कुरकुरीत असताना खा, मग गरम रस्सा पुन्हा मागून घ्या. तर्री अंगावर येत असेल तर ‘कट कमी’ म्हणा. दही मिसळीत कालवू नका, घासागणिक बाजूने घ्या. कालवलं की काळ्या मसाल्याचा भाजका वास मरतो.

चुलीवरची मिसळ खायची असेल तर बारदान फाट्याकडची साधना. पंचवटीतली अंबिका काळ्या रश्श्यासाठी नावाजलेली. सुट्टीच्या सकाळी दहानंतर दोन्हीकडे रांग असते. साडेअकरा उलटले की रांगही वाढते आणि रस्साही सारखा पाणी घालून वाढवलेला मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून आधी मिसळ, मग आंघोळ असा उलटा क्रम लावला तरी काही बिघडत नाही.

दुपारी झोपा. गोदाघाट चार वाजता उघडल्यासारखा वाटतो, त्याआधी दगड तापलेले असतात.

चारला पंचवटीत काळाराम मंदिरापासून सुरुवात करा. काळ्या दगडातलं हे देऊळ पेशवाईतलं, सरदार ओढेकरांनी बांधलेलं. बाहेर पडताना पूर्व दरवाज्याशी दोन मिनिटं थांबा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. उद्याच्या वाटेवर त्याचा पुढचा धागा आहे. तिथून सीतागुंफा दोन पावलांवर, पण आत वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. कंबर किंवा गुडघे दुखत असतील किंवा कोंदट जागेत जीव घाबरत असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. मग उतरत रामकुंडावर या. सूर्यास्ताच्या सुमाराला गोदावरीची आरती होते, अर्धा तास आधी पायरी पकडा. घाटावर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत.

सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. त्या पर्वकाळात ही सहल काढू नका. त्याच्या आगेमागेही घाट आणि रस्त्यांची कामं चालू असतात, तेव्हा पंचवटीत रिक्षा लांब सोडून चालायची तयारी ठेवा.

आरतीनंतर पूल ओलांडून जुन्या नाशकात शिरा. संध्याकाळचं खाणं इथे आहे. सायंताराचा साबुदाणा वडा मागताना समोरच्या परातीतला घेऊ नका, ‘पुढच्या घाण्यातला द्या’ म्हणा आणि पाच मिनिटं थांबा. साबुदाण्याचं कवच गरम असतानाच कडक असतं. आतली वाफ बाहेर पडताना तेच कवच ओलं करते आणि दहा मिनिटांत वडा चिवट होतो. कागदात बांधून खोलीवर नेलेला साबुदाणा वडा म्हणजे पैसे वाया. पाववडाही इथला खास. पावाला चीर देऊन आत बटाट्याची भाजी भरायची आणि अख्खा पाव बेसनात बुडवून तळायचा. पाव तेल पितो, म्हणून कढई खळखळत असेल तिथेच घ्या आणि दोघांत एकच. शेवटी बुधा हलवाईची जिलेबी, तीही कढईतून पाकात आणि पाकातून थेट तुमच्या द्रोणात. तिची चव लक्षात ठेवा, उद्या संध्याकाळी इमरतीशी ताडून बघायची आहे.

जाता जाता भांडी बाजारातून एक फेरी मारा. तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात. भाव आधी विचारा आणि काट्यावर नजर ठेवा. कोंडाजी चिवडा घ्यायचा तर आजच घ्या, उद्या सकाळी वेळ नसतो.

सुला वाइनयार्डचं काय, असं बरेच जण विचारतात. गंगापूर धरणाजवळची जागा सुरेख आहे, जानेवारी ते मार्चच्या द्राक्षहंगामात तर फारच. पण जाणं, टेस्टिंग, सूर्यास्त, जेवण यात चार तास जातात आणि गोदाघाटाची संध्याकाळ हातची जाते. पहिल्यांदा येत असाल तर गोदाघाट निवडा. सुलाच करायचं ठरलं तर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे असतात, आणि सलग सुट्ट्या बरेचदा याच तारखांनी जुळतात. दुसरं, रात्री तिकडून परतीची रिक्षा मिळत नाही. नेणाऱ्या गाडीवाल्यालाच थांबवून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर दोघांपैकी एकाने घोटही घ्यायचा नाही.

रविवार: पांडवलेणी, येवला, मकबरा

सकाळी आठपर्यंत पांडवलेण्यांच्या पायथ्याशी पोचा. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, शहरापासून आठेक किलोमीटर. चढ दोनशेहून थोड्या जास्त पायऱ्यांचा, पाऊण तासात सावकाश होतो. दहानंतर मात्र ऊन पाठीवर बसतं. लेणी चोवीस आहेत, सगळी सारख्या नजरेने बघत बसू नका. तिसरं, दहावं आणि अठरावं नीट बघा. तिसऱ्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यानंतर आईने कोरून घेतलेला हा गौरव. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं त्याचं वर्णन त्यात आहे. अक्षरं भिंतीवर वरच्या बाजूला आहेत. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका धरा, म्हणजे खोदलेल्या रेषेत सावली पडून ब्राह्मी अक्षरं उठून दिसतात. समोरून प्रकाश टाकला की भिंत सपाट दिसते आणि काहीच कळत नाही. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख आहेत, म्हणजे सातवाहनांचे प्रतिस्पर्धी त्याच डोंगरावर शेजारी नांदतात. अठरावं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन.

साडेदहापर्यंत खोली सोडा आणि संभाजीनगरकडे जाणारी एसटी धरा. निफाड, येवला, वैजापूर असा हा मार्ग आहे, न थांबता साडेचार-पाच तासांचा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असतं, ते मागून घ्या. रेल्वेनेही जाता येतं, पण जनशताब्दी दुपारी तीनच्या सुमाराला नाशिकरोडला येते आणि पोचेपर्यंत संध्याकाळ होते. शिवाय येवलं हुकतं, आणि ते हुकवू नये.

येवल्याला उतरून दीड तास थांबा, मागून दुसरी बस मिळते. इथे घरोघरी हातमाग आहेत आणि विणकर बघू देतात, फक्त आधी विचारावं आणि धाग्यांना हात लावू नये. पैठणी घ्यायची असो वा नसो, पारख शिकून घ्या, ती आयुष्यभर कामाला येते. पदर उलटा करा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत नक्षी मागून-पुढून जवळजवळ सारखी दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्याच जागी मागे वळून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. मागच्या बाजूला लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ती यंत्रमागाची. मग तिला यंत्रमागाचाच भाव द्या. पैठणीची खरेदी पहिल्या दुकानात करू नका आणि बसची वेळ झाली म्हणून घाईत तर मुळीच करू नका.

कालच्या काळाराम मंदिराचा पुढचा धागा इथे आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मुक्तिभूमी स्मारक त्या जागेची आठवण आहे. एका दिवसाच्या अंतराने ही दोन ठिकाणं पाहताना मधली पाच वर्षं समजायला लागतात. तिसरा धागा संभाजीनगरच्या नागसेनवनात आहे, त्यांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय. पाणचक्कीकडे जाताना तो परिसर लागतो.

संभाजीनगरमध्ये खोली क्रांती चौक किंवा समर्थनगर भागात घ्या. स्टेशन, जुनं शहर, बसस्थानक सगळं हाताशी राहतं. साडेपाचपर्यंत बीबी का मकबऱ्यात शिरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानूची ही कबर, मुलगा आझमशहा याने बांधून घेतली असं सांगतात, काळ १६६०-६१ च्या सुमाराचा. ‘गरिबांचा ताजमहाल’ म्हणत लांबून फोटो काढून परतू नका. जवळ जाऊन भिंतीवर नजर फिरवा. खाली कमरेएवढ्या पट्ट्यात आणि वर घुमटाला संगमरवर आहे, मधली भिंत काळ्या दगडावर चुन्याच्या गिलाव्याची. उन्हं तिरपी झाली की संगमरवर पिवळसर होतो आणि गिलावा पांढराच राहतो. दुपारच्या लख्ख उन्हात हा फरक दिसत नाही. चुन्यातलं नक्षीकाम हे या वास्तूचं स्वतःचं सौंदर्य आहे, ते ताजमहालाशी ताडून बघायची गरजच नाही. पाणचक्की मकबऱ्याच्या जवळच आहे, पण उन्हाळ्यात धार बारीक होते. एप्रिल-मेमध्ये ती वगळली तरी चालेल.

रात्री जुन्या शहरात नान खलिया. तुघलकाने दिल्लीहून देवगिरीला राजधानी हलवली तेव्हा फौजेसाठी हा पदार्थ मोठ्या देगीत रांधला जायचा, असं इथले लोक सांगतात. शहागंज, सिटी चौक, रोशन गेट या बाजूला भट्ट्या आहेत. नान गोल, जाडसर, वरून पिवळसर तकतकीत आणि आतून मऊ. खलिया म्हणजे मटणाचा पातळ रस्सा, वर बोटभर तर्री. मागताना आधी विचारा, ‘छोट्याचं की बड्याचं?’ छोट्याचं म्हणजे बकऱ्याचं, बड्याचं म्हणजे म्हशीचं. पाटीवर दरवेळी लिहिलेलं नसतं, आणि विचारलं तर कुणाला राग येत नाही. दोघांत एक खलिया आणि दोन नान पुरतात. नान चपातीसारखी बुडवून खाऊ नका. तुकडे करून रश्श्यात घाला, मिनिटभर भिजू द्या आणि मग खा. गप्पा मारत बसलात तर चरबी गोठते आणि टाळूला चिकटते, तेव्हा गप्पा नंतर. रमजानमध्ये ही दुकानं दिवसा बंद आणि रात्री पहाटेपर्यंत जागी असतात. त्या महिन्यात आलात तर रात्री दहानंतर जा.

गोडाला गुलमंडीवर उत्तमची इमरती. कालची जिलेबी आठवा. ती मैद्याची, आंबवलेल्या घोळाची, म्हणून किंचित आंबूस आणि हलकी. इमरती उडदाची. डाळ भिजवून, वाटून, फेसून कढईत फुलासारखी पाडतात. दात रुतला की आधी कट्कन तुटते आणि मग आतून पाक सुटतो. नुसताच मऊपणा लागला तर ती सकाळची आहे. एकीत दोघांचं भागतं. शाकाहारी जोडप्याने नान खलियाच्या जागी मराठवाडी थाळी घ्यावी आणि इमरतीचे दोन नग. शेवटी उस्मानपुऱ्यात तारा पान. भपकेदार नावाच्या महाग पानांपेक्षा साधं मसाला पान मागा.

सोमवार: दौलताबाद आणि वेरूळ

आजच्या दिवसाला गाडी किंवा रिक्षा ठरवा. एसटी आणि काळी-पिवळी जीपही त्या रस्त्याने चालतात, पण दोन्ही ठिकाणं करायची तर वाट बघण्यात दोन तास जातात. ठरवताना ‘दौलताबाद, वेरूळ, जैन लेण्यांपर्यंत आत सोडणं, संध्याकाळी सहाला परत’ असं सगळं एकदम बोला आणि पार्किंगचे पैसे कुणाचे तेही आधीच ठरवा. नंतर ‘साहेब, जैन लेण्यांचे वेगळे’ होतं. सामान हॉटेलवर ठेवा. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं असेल तर बॅगेला कुलूप लागतं, नुसत्या चेनची बॅग घेत नाहीत.

साडेआठला दौलताबादचा किल्ला. शहरापासून पंधरा किलोमीटर. वर बारादरी महालापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, चढून-उतरून अडीच तास धरा. प्रत्येकी एक लिटर पाणी घ्या, वर मिळेलच असं नाही. खंदक ओलांडल्यावर अंधारी लागते, डोंगर कोरून केलेला वळणांचा काळोखा मार्ग. शत्रू आत शिरला की गोंधळून भलतीकडेच जावा म्हणून ही रचना. वटवाघळांचा वास उग्र असतो आणि पायऱ्या असमान, म्हणून एक हात भिंतीला आणि दुसऱ्या हातात टॉर्च. दोघांपैकी एकाला दम लागत असेल तर चिनी महाल आणि मेंढा तोफेपर्यंत जाऊन परता. अर्धा दौलताबाद करून ताज्या पायांनी वेरूळ बघणं, पूर्ण दौलताबाद करून वेरूळला पाय ओढत फिरण्यापेक्षा बरं. श्रावणी सोमवार किंवा महाशिवरात्रीला वेरूळच्या घृष्णेश्वर ज्योतिर्लिंगासाठी हा सगळा रस्ता भरून वाहतो, त्या दिवशी तासभर आधी निघा.

वेरूळला साडेअकरापर्यंत पोचाल. लेणी एकूण चौतीस: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. फाटकातून आत गेलं की समोरच सोळावं, कैलास. नव्याण्णव टक्के माणसं तिथेच घुसतात. तुम्ही उजवीकडे वळा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे कैलासावर चांगलं ऊन दुपारी तीननंतर येतं. बारा वाजता ते अर्धं काळोखात आणि अर्धं डोळे दिपवणारं असतं.

आधी दहावं लेणं बघा, ज्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला दगडात लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. मग बारावं, तीन ताल. बाहेरून साधी तीन मजली इमारत वाटते, तिसऱ्या मजल्यावर बुद्धमूर्तींच्या रांगा आहेत. पायऱ्या उंच, पण आत गारवा, भर दुपारी याहून चांगली जागा नाही. एकच्या सुमाराला बाहेर येऊन जेवा, हलकंच. पिशवीत वेफर्सचं पाकीट दिसलं तरी माकडं झडप घालतात. खाणं गाडीतच ठेवा.

जेवणानंतर गाडीने किंवा तिथल्या बसने जैन लेण्यांकडे, कैलासापासून दीडेक किलोमीटर. बत्तिसावी इंद्रसभा आकाराने कैलासापुढे लहान, पण वरच्या मजल्यावरचं खांबांचं काम इतकं बारीक आहे की बोटाने माप घ्यावंसं वाटतं. घेऊ नका, हाताच्या घामाने दगड काळवंडतो. पावसाळ्यात परतताना एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबा बघा.

तीनला कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कोरलेलं हे एकसंध देऊळ, वरून खाली खोदत आणलेलं. पाया आधी आणि कळस नंतर या आपल्या सवयीच्या बरोबर उलट. त्यामुळे चूक झाली तर जोडायला दगडच नव्हता. आत शिरल्यावर लगेच गाभाऱ्याकडे धावू नका. आधी डावीकडून अंगणाला पूर्ण फेरी मारा. देवळाच्या जोत्याला खांद्यावर घेऊन उभे असलेले हत्ती बघा, बरेचसे सोंडा तुटलेले. मग दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प. रावणाचे वीस हात खाली अंधारात जोर लावतायत आणि वर पार्वती घाबरून शंकराकडे झुकली आहे. साडेतीन-चारच्या उन्हात वरचा भाग उजळतो आणि रावण सावलीतच राहतो. मग वर चढून देवळात जा. छताकडे बघायला विसरू नका, मूळच्या रंगाचे तुकडे अजून शिल्लक आहेत.

तिकीट भारतीयांना ४० रुपये आहे, ऑनलाइन काढलं तर ३५. फाटकाशी नेटवर्क दगा देतं, म्हणून सकाळी हॉटेलच्या वायफायवरच काढून स्क्रीनशॉट ठेवा.

सहाच्या आत परत फिरा. हिमरू घ्यायचं मनात असेल तर सूती-रेशमी विणीचा हा प्रकार पैठणीच्या उलट्या नियमाने पारखायचा: इथे मागच्या बाजूला मोकळे धागे असणं हेच विणीचं लक्षण आहे. मागून-पुढून सपाट असेल तर ती छपाई.

रात्री गाडीआधी पोट भरून खाऊ नका, दहीभात किंवा खिचडी पुरे. तीन दिवसांत झालेली तर्री झोपेत हलणाऱ्या बर्थवर त्रास देते. देवगिरीत चढलात की कल्याणच्या वेळेचा गजर दोघांच्याही फोनवर लावा. कल्याण गेलं की ठाणं वीस मिनिटांत येतं. झोपेत राहिलात तर दादरला उतरून सकाळच्या लोकलच्या गर्दीत, चिवड्याची पुडी सांभाळत, उलटं यावं लागतं. डोंबिवली दिसली की पिशव्या दाराशी आणा.